सोसायटी ग्रुप : पार्किंगमध्ये परत पाणी

मनीषा, बी-२०४ : पार्किंगमध्ये परत पाणी शिरलंय. ज्यांच्या गाड्या खाली आहेत त्यांनी आधी खाली या. लिफ्टच्या खड्ड्याकडे पाणी चाललंय, कोणीही लिफ्ट वापरू नका प्लीज. सी विंगच्या आजींना कोणीतरी फोन करा, त्या ग्रुपवर नाहीत.

पवार (सेक्रेटरी) : लिफ्टचा मेन स्विच बंद केलाय. वॉचमन मोटर लावतोय. सहकार्य करावे ही विनंती.

शुभम, सी-४०३ : माझ्या गाडीच्या फूटबोर्डपर्यंत आलंय. आता पुराचं माप घ्यायला गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीपर्यंत जायला नको 😄

जोशीकाका, ए-१०२ : मागच्या सभेत मी लेखी दिले होते. कडुलिंबाचा पाला नालीत अडकतो. लिंब काढा, विषय संपला.

मनीषा, बी-२०४ : काका, मी आत्ता खालीच आहे. नालीतून पाटीभर पाला निघाला. पाणी त्याने तुंबलेलं नाही. सगळं आवार पेव्हर ब्लॉकने मढवलंय, पाणी मुरायला वीतभर माती राहिली नाही. ए विंगच्या मागे शोषखड्डा होता, गच्चीचे पाइप त्यातच सोडलेले होते. त्यावर ब्लॉक टाकून दोन गाड्यांची जागा केली. आता ते पाइप सरळ रॅम्पवर ओततायत, आणि रॅम्पचा उतार पार्किंगकडे आहे.

अहिरे (खजिनदार) : तो ठराव सर्वानुमते झालेला आहे ताई.

मनीषा, बी-२०४ : सर्वानुमते नाही भाऊ. माझा विरोध इतिवृत्तात आहे. काढून बघा.

अहिरे (खजिनदार) : बघतो. पण तासाभरात एवढा पाऊस मेमध्ये पडेल असं तेव्हा कोणाला वाटलं होतं?

वैशालीताई, ए-३०१ : २०२५ ला पडला की. २६ मेला मान्सून मुंबईत हजर, गेल्या ७५ वर्षांत इतका लवकर आला नव्हता. आमच्या निफाडच्या द्राक्षबागेला त्या मेने जे केलं ते अजून निस्तरतोय. एप्रिल छाटणीनंतर नव्या काडीत घड तयार होतो, त्याला कडक ऊन लागतं. ऊनच नाही. ऑक्टोबरला छाटणी केली तर नुसती फूट, घड कुठेतरी एखादा. भावाने अख्खी ओळ चालून दाखवली, हात वर करून काड्या मोजत होता.

शुभम, सी-४०३ : मग नुकसानभरपाई मिळाली असेल ना ताई?

वैशालीताई, ए-३०१ : कशाची? मेमध्ये वेलीवर माल नसतो, पंचनाम्यात काय लिहिणार? द्राक्षाचा हवामान विमा ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढचा. मेचा पाऊस त्यात बसतच नाही. सरकारी मदत मिळालीच तर ३३ टक्क्यांच्या वर नुकसान दिसायला हवं आणि फळबागेला तेव्हा केंद्राचा निकष हेक्टरी २२,५०० रुपये होता. बागेचा खर्च एकराला लाखांत असतो. हवामान बदललं, कागद जुनेच आहेत. मला याचा फार राग येतो.

जोशीकाका, ए-१०२ : द्राक्षाचे दुःख समजते. पण आपल्या सोसायटीत पाला हाच मुद्दा आहे. लिंब काढा.

पवार (सेक्रेटरी) : काका, झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा झाडांचा कायदा आहे.

मनीषा, बी-२०४ : आणि तपोवनातल्या झाडांसाठी आपणच ग्रुपवर स्टेटस ठेवले होते ना? कुंभमेळ्यासाठी तोडलेलं चालत नाही, पार्किंगसाठी चालतं का?

जोशीकाका, ए-१०२ : टोमणे मारायची गरज नाही. वयाचा तरी मान ठेवा.

मनीषा, बी-२०४ : मान आहेच काका. पण दुपारी तीन वाजता बी विंगच्या भिंतीवर सावली फक्त त्या लिंबाची असते. आमच्या खालच्या घरांना विचारा.

देशमुख सर, बी-१०१ : बरोबर. लिंब नको तोडायला. बाकी नाशिककरांना पाणी जास्त झालं असेल तर खाली आमच्या पैठणला सोडा 🙏

अहिरे (खजिनदार) : सर, सोडतोच की. २०२३ ला पैठणच्या जायकवाडी धरणात ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला तेव्हा इथे काय वातावरण होतं आठवतं ना?

देशमुख सर, बी-१०१ : समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा आहे. जायकवाडी भरली नाही तर वरच्यांनी द्यायचंच. मराठवाड्याने काय हवा प्यायची?

अहिरे (खजिनदार) : आणि आमच्या रब्बीने?

पवार (सेक्रेटरी) : हा विषय इथे नको. ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे.

शुभम, सी-४०३ : मोटर बंद पडली. कोणाकडे बादल्या आहेत?

वैशालीताई, ए-३०१ : दोन देते. आणि सी-४०२ वाल्यांना सांगा, पाइप त्यांच्या कुंड्यांवरून नेऊ नका, मागच्या वेळी भांडण झालं होतं.

मनीषा, बी-२०४ : एक साधा हिशोब वाचा सगळ्यांनी. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. आपली गच्ची ५०० चौरस मीटर धरा. ४० मिमी पाऊस झाला तर २० हजार लिटर. म्हणजे १० हजारांचे दोन टँकर आपण रॅम्पवरून पार्किंगमध्ये सोडले. शोषखड्डा उघडा, गाळणी बसवा, बोअरला जोडा.

अहिरे (खजिनदार) : पैसे? लिफ्टचं काम बाकी आहे, फंडात आहे किती ते मलाच माहीत.

मनीषा, बी-२०४ : पंप आणि लिफ्टच्या बिलासाठी सोलर घ्या. पीएम सूर्यघरमध्ये सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८ हजार अनुदान आहे. १० किलोवॉट बसवलं तर १ लाख ८० हजार. आधी पैसे आपल्याला भरावे लागतात, अनुदान नंतर खात्यात येतं. हे मी जानेवारीत पण टाकलं होतं, त्यावर फक्त अंगठे आले.

शुभम, सी-४०३ : 👍

मनीषा, बी-२०४ : शुभम, अंगठा नको, रविवारी सभेला ये.

जोशीकाका, ए-१०२ : सोलरला लिंबाची सावली पडेल. लिंब काढा.

देशमुख सर, बी-१०१ : काका, गच्ची पाचव्या मजल्यावर आहे. लिंब दुसऱ्यापर्यंत.

पवार (सेक्रेटरी) : रविवारी सकाळी १० वाजता सभा. विषय : शोषखड्डा उघडणे, पेव्हरची एक पट्टी काढणे, सोलरची कोटेशन्स. दोन गाड्यांची जागा जाईल, ज्यांची आहे त्यांनी आवर्जून यावे.

अहिरे (खजिनदार) : त्यातली एक माझी आहे. येतोच.

जोशीकाका, ए-१०२ : पाल्याचा विषय घेतला नाही.

पवार (सेक्रेटरी) : नाली महिन्यातून दोनदा साफ करणे, हा घेतला काका.

अहिरे (खजिनदार) : टँकरवाल्याचा फोन आलाय. उद्याची गाडी घ्यायची का? वरच्या टाकीत पाणी नाही, वीज नसल्याने बोअर चालू नाही.

मनीषा, बी-२०४ : घ्या. आणि यंदाची टँकरची सगळी बिलं रविवारी सभेत ठेवा.