महिन्याला सहा ड्युट्या: आकाशवाणीची उद्घोषणा हा 'छंद' आहे का?

मध्यमलहर
काल इथे एकानं लिहिलं, "नैमित्तिक उद्घोषक कायम करा म्हणून ओरडतात, पण गोड आवाजात दोन वाक्यं बोलायची आणि गाणी लावायची हा छंद झाला, नोकरी नव्हे." त्याखाली माना डोलावणारे बरेच. नैमित्तिक म्हणजे केंद्राच्या पॅनलवर (यादीवर) नाव असलेले, महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळणारे आणि ड्युटीगणिक मानधन घेणारे. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारणसत्र, घ्या. सहाला पाच कमी असताना संकेतधून वाजते. उद्घोषक त्याआधी निदान अर्धा तास स्टुडिओत हवा. क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा वेळेसह क्रम, वाचायची. प्रत्येक फाइलची सुरुवात आणि शेवट ऐकायचा, कारण फाइलवर नाव एका गाण्याचं आणि आत दुसरंच, हे होतं. लांबी क्यू शीटशी ताडायची. १५ मिनिटांच्या चौकटीतला कार्यक्रम १३ मिनिटं ४० सेकंदांचा निघाला, तर उरलेली ८० सेकंदं कुठल्या वाद्यसंगीतानं भरायची ते तेव्हाच ठरवायचं. सात दहाला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सहक्षेपित करायच्या, म्हणजे तिथून घेऊन आपल्या केंद्रावरून सोडायच्या असतात. लाइन आधी हेडफोनवर तपासायची, सात नऊ पन्नासला बोलणं संपवायचं, बरोबर वेळेला फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) वर. लाइन मुकी निघाली तर शांतता पाच सेकंदांवर जाता कामा नये: दिलगिरीचं वाक्य, वाद्यसंगीत, ड्युटी ऑफिसरला निरोप, आणि लॉगबुकात व्यत्ययाची मिनिट-सेकंदासह नोंद. घरी बसलेल्या माणसाला यातलं काही कळलं नाही, तरच ड्युटी नीट झाली.

छंदाला लॉगबुक नसतं. लेखी परीक्षा, आवाज चाचणी आणि स्वखर्चानं 'वाणी' या उद्घोषकांसाठीच्या प्रमाणपत्राचं प्रशिक्षणही नसतं.

कलम२५ब
सहा हा आकडा कुठून आला ते बघा. सहा गुणिले बारा म्हणजे वर्षाला ७२ दिवस. औद्योगिक विवाद कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आहे) बारा महिन्यांत २४० दिवस भरले की अखंड सेवा मानतात, मग नोटीस आणि भरपाईशिवाय काढता येत नाही. आकाशवाणी हा औद्योगिक विवाद कायद्याखाली 'उद्योग' आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ सालीच सांगितलंय. ७२ वर बांधून ठेवलेला माणूस २४० च्या जवळपास कधी पोचूच शकत नाही. माझ्या मते ही मर्यादा त्यासाठीच आहे.

हिशोबनीस
मध्यमलहर, काम कौशल्याचं आहे हे कुणी नाकारत नाही. पण जाहिरातीतच लिहिलेलं असतं: महिन्याला जास्तीत जास्त सहा, नियमित नोकरीचा हक्क नाही. त्यावर सही करून आत आल्यावर तक्रार कशाची? हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांबाबतच्या उमादेवी खटल्याच्या २००६ च्या निकालात कायम करण्याची एकवेळची मुभा होती ती मंजूर रिक्त पदावर सलग दहा वर्षं काढलेल्यांना. महिन्याला सहा दिवस येणारा त्यात कसा बसणार?

आणि कायम करण्याचा हिशोब तुम्ही मांडतच नाही. एका केंद्रावर रोज तीन सभा धरल्या, तर महिन्याला ९० ड्युट्या. सहाच्या हिशोबानं १५ माणसं लागतात. पूर्णवेळ माणूस महिन्याला साधारण २५ ड्युट्या करतो, म्हणजे चौघांत काम संपलं. उरलेल्या ११ जणांना घरी कोण पाठवणार? तुम्ही?

कलम२५ब
म्हणून कायम नको, ड्युट्या सहाच्या पंधरा करा.

हिशोबनीस
९० भागिले १५ म्हणजे सहा माणसं. नऊ जण तरीही बाहेर. भागाकार आंदोलनानं बदलत नाही.

मध्यमलहर
हा भागाकार मलाही टाळता येत नाही, हे कबूल करतो. पण त्याचा दुसरा अर्थ बघा. कायम उद्घोषक निवृत्त होत गेले, त्यांची पदं भरली गेली नाहीत, आणि तेच काम ७२-७२ दिवसांच्या तुकड्यांत वाटलं गेलं. चार पगारांचं काम पंधरा जण करतात आणि एकाचंही घर त्यावर चालत नाही. त्यामुळे या पॅनलवर टिकतं कोण? ज्याच्या घरात दुसरी मिळकत आहे तो: शिक्षक, वकील, नवऱ्याचा पगार असलेली गृहिणी. तिसरी सभा रात्री अकराच्या सुमारास संपते. जिल्ह्याच्या गावी तेव्हा परतीची सोय नसली, तर बाहेरगावची बाई ती ड्युटी घेऊच शकत नाही, आणि तिच्या सहातल्या दोन तिथेच जातात.

एफएमवाला
खाजगीकडे सोनं पिकतं असं समजू नका. बऱ्याच आरजेंचा करार नोकरीचा नसतोच, व्यावसायिक सेवेचा असतो: १० टक्के टीडीएस कापून रक्कम हातात, भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार तासांचा शो, तासाला आठ लिंका (गाण्यांमधलं बोलणं), प्रत्येक ४५ सेकंदांची: एकूण बोलणं २४ मिनिटं. ते व्हॉइस ट्रॅकिंगनं आधीच रेकॉर्ड होतं, आणि एकच आवाज तीन शहरांत चालतो. म्हणजे तीन माणसांच्या जागी एक. पुढची पायरीही आलीय: डीडी किसानवर मे २०२४ पासून क्रिश आणि भूमी हे एआय निवेदक आहेत. माझी पहिली मागणी म्हणूनच वेगळी आहे: लेखी संमतीशिवाय आवाजाचं प्रतिरूप बनवायचं नाही, हे कलम प्रत्येक करारात हवं.

वऱ्हाडकर
पॅनलवर कोण टिकतं हे बोललात, मुळात पॅनलवर येतं कोण ते बोला. आवाज चाचणीत 'ळ' चा 'य' झाला की विदर्भ-खानदेशातला उमेदवार बाद, 'ण' चा 'न' झाला की मराठवाड्यातला बाद. अकोला, यवतमाळ, चंद्रपूर ही केंद्रं कुणासाठी आहेत? ऐकणारा 'काया' म्हणतो, आणि सांगणाऱ्यानं 'काळा' म्हटलं नाही तर तो नापास!

शुद्धोच्चार
नापासच व्हायला हवा. उच्चार ही लहर नाही, अर्थाचा प्रश्न आहे. 'चारा छावणीत चार ट्रक आले' हे वाक्य वाचायला द्या. 'चारा' मधला च दंततालव्य ('त्स' कडे झुकणारा), 'चार' मधला तालव्य ('च्य' कडे झुकणारा). 'जात' प्रमाणपत्रातला ज वेगळा, 'तो जात आहे' मधला वेगळा. लिपीत फरक दिसत नाही, म्हणून तो कानानं शिकावा लागतो. हल्ली बातम्यांत 'जिल्हा परिशद' ऐकू येतं आणि कुणाला काही वाटत नाही. तुम्हाला भाषा घसरलेली चालते, मला चालत नाही.

वऱ्हाडकर
घसरलेली? माझ्या आईची भाषा घसरलेली नाही, शब्द मागे घ्या. 'पानी' म्हटल्यावर एकाही शेतकऱ्याचा अर्थ चुकत नाही. च-ज चा फरक वऱ्हाडातही पाळतात, तिथे मी तुमच्याच बाजूनं आहे. पण 'ळ' वर माणूस कापणं ही निवड प्रदेश बघून केलेली निवड आहे.

कलम२५ब
धागा मानधनाचा होता.

शुद्धोच्चार
'घसरलेली' मागे घेतो. प्रमाण उच्चार बातम्यांना लागणारच, ते सोडणार नाही. पण पणजी केंद्रावर कोकणी आणि मराठी दोन्ही बोलतात, तर एका भाषेच्या दोन रूपांना जागा का नसावी, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

वऱ्हाडकर
मग चाचणी दोन भागांत घ्या. लिखित मजकूर आणि बातम्यांचं वाचन प्रमाण उच्चारांवर तपासा. फोन-इन आणि शेतकऱ्यांचे कार्यक्रम यांसाठी दहा मिनिटांचं उत्स्फूर्त संभाषण ठेवा. परीक्षकांना नाव-गाव न दाखवता फक्त रेकॉर्डिंग ऐकवा, आणि तिघांतला एक त्याच भागातला असू द्या. बोलीला गुण देऊ नका, पण कापूही नका. माईकपासून वीतभर अंतर, तोंड जरा तिरपं म्हणजे प-फ-भ चे फटके बसत नाहीत, एवढं आधी सांगून घ्या. ते न सांगितल्यामुळे चांगले आवाज जातात.

हिशोबनीस
या दोन भागांना विरोध करायला मला कारण सापडत नाही. मानधनाबाबत: सभेआधीचा अर्धा तास ड्युटीत मोजला जावा, आणि तिसऱ्या सभेला परतीची गाडी मिळावी. एवढं मान्य, तेही नाइलाजानं. पंधरा ड्युट्या मात्र नाहीत. बाहेर जाणाऱ्या त्या नऊ जणांची नावं आधी ठरवा, मग मागा.