मदत हवी आहे : गुडघ्यामुळे ट्रेडमिल जमत नाही, मग हृदयाची कोणती तपासणी?

बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह १५ वर्षं. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. रोज संध्याकाळी तलावपाळीला ते दोन फेऱ्या सहज मारायचे. गेले महिनाभर अर्ध्या फेरीतच कठड्याला हात टेकून उभे राहतात, कपाळावर घाम. "छातीत दुखत नाही रे, नुसता दम लागतो," म्हणतात. मधुमेहात नसांवर परिणाम झाला की हृदयाचं दुखणं कधीकधी जाणवत नाही, हे वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय.

आधी विचारलं जाईल म्हणून सांगतो : एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, बीपी गोळीवर १४०/८६. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.६, म्हणजे वाढलेलं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) पाय दुखतात म्हणून त्यांनी स्वतःच बंद केली होती, मागच्या आठवड्यात डॉक्टरांना सांगून पुन्हा सुरू केली. तंबाखू कधीच नाही. ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, पण दोन्ही झोपवून काढलेले. चालताना काय होतं ते त्यात कसं दिसणार? आणि ट्रेडमिलवर चालवून करायची तपासणी गुडघ्यामुळे जमत नाही.

फॅमिली डॉक्टर सीटी अँजिओग्राफी (डाय टोचून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन) म्हणतात. त्यातल्या डायचा किडनीला त्रास होईल का, ही माझी भीती. दुसरा पर्याय म्हणजे औषध देऊन केलेली स्ट्रेस इको, म्हणजे चालवण्याऐवजी औषधाने हृदयाचे ठोके वाढवून काढलेली इको. सोमवारी कार्डिओलॉजिस्टची वेळ आहे, तोवर बाबांचं फिरणं बंद ठेवलंय. छातीत दाब किंवा बसल्याजागी दम आला तर थेट इमर्जन्सीत नेणार, ते ठरलेलं आहे.

क्रिएटिनिन वाढलेल्या कुणाच्या घरी यातली तपासणी झाली आहे का? डायच्या आधी-नंतर मेटफॉर्मिन किती दिवस थांबवायला सांगितली होती? आणि ठाणे-कळवा-ऐरोली पट्ट्यात औषधाची स्ट्रेस इको कुठे होते?