फी घेता, तर हिशेबही लावा

कुणीतरी विचारलंय, 'पदकं येतायत ना, मग बुद्धिबळ महासंघाला नावं कशाला ठेवता?' 2024 मध्ये बुडापेस्टला ऑलिंपियाडची दोन्ही सुवर्णं आली, 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, मान्य. पण 'परवानगी नसलेली' स्पर्धा खेळले म्हणून याच अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने खेळाडूंवर बंदी घातली होती. त्यावरून 2018 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या मक्तेदारीला आळा घालणारी सरकारी यंत्रणा) 6.92 लाखांचा दंड ठोकला. सभासद म्हणजे काय वेठबिगार?

मुलीच्या स्पर्धेला आम्ही पालक जिन्यात पेपर पसरून दिवसभर बसतो. (डबे मात्र झकास वाटून खाल्ले जातात.) भरलेल्या फीतून हॉलला किती गेले, बक्षिसांना किती, एवढा एक कागद पेअरिंगशेजारी (कोण कुणाशी खेळणार त्या यादीशेजारी) चिकटवायला काय जातं?