शिवण, फोटो आणि लेखन एका आठवड्यात कसं बसवायचं?

प्रश्न: हाताशी रविवार आणि रोजचा अर्धा तास. ब्लाउज शिवून, फोटो काढून कृती लिहायची असते, पण लेखन नेहमी राहून जातं. क्रम कसा लावावा?

सुईदोरा (शिवणाबद्दल): लेखन शेवटी ठेवूच नका. मापं घेतानाच वहीत नोंदवा, तोच मजकुराचा सांगाडा. गांधीबागेतून (नागपूरचा कापडबाजार) आणलेलं सुती कापड शुक्रवारी रात्री भिजवा, नाहीतर शिवल्यावर आटतं. रविवारी कटिंग आणि मशीन. रोजच्या अर्ध्या तासात फक्त हूक, काज, हातशिलाई. शिलाईखाली दोऱ्याचे गुंते आले तर बॉबिनला (खालच्या दोऱ्याची रीळ) हात लावू नका. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर करून वरचा दोरा पुन्हा ओवा. फूट खाली असताना दोरा टेन्शनच्या चकत्यांत (दोऱ्याला ताण देणाऱ्या) बसत नाही.

उजेड (फोटोबद्दल): फोटो शिवतानाच काढा. गळपट्टी उलटली की आतली शिलाई पुन्हा दिसत नाही. नागपुरातलं मे महिन्यातलं दुपारचं ऊन नकोच. सकाळी खिडकीशी, ट्यूबलाइट बंद करून. काळं कापड राखाडी येत असेल तर कॅमेऱ्यातलं एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) -1, पांढऱ्याला +1.

प्रश्नकर्ती: अस्तरही भिजवायचं?

सुईदोरा: सुती असेल तर हो, नक्की! अस्तर आटलं की वरचं कापड फुगतं.