मदत हवी आहे: माळरानावर युरिया टाकल्यावर बारीक वनस्पती का कमी झाल्या?

सोलापूरकडच्या हलक्या, मुरमाड माळरानावर आम्ही 4 बाय 4 मीटरचे वाफे आखले आहेत. निम्म्यांना हेक्टरी 60 किलो नत्र, म्हणजे प्रत्येक वाफ्याला साधारण 209 ग्रॅम युरिया, दोन हप्त्यांत पाऊस पडल्यावर दिला. बाकीचे तसेच ठेवले. चराई नाही, काटेरी कुंपण आहे. दोन पावसाळे झाले.

युरियाच्या वाफ्यांत मारवेल आणि पवना ही गवतं कमरेपर्यंत वाढली, चारा उघड जास्त आहे. पण गवत बाजूला सारून पाहिलं तर खाली जमीन उघडी. जमिनीलगत पसरणारी शेंगवर्गीय रोपटी, ती बारीक गुलाबी फुलांची, जवळपास नाहीतच. बिनखताच्या वाफ्यात गुडघे टेकले की हाताच्या अंतरात चार-पाच तरी दिसतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र तीच जमिनीत आणतात.

वाफ्यांत 1 चौरस मीटरची चौकट टाकून प्रजाती मोजल्या आणि कोरडं वजन घेतलं. माती तपासली, सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता) दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे, त्यामुळे आम्लता वाढल्याचं कारण मला पटत नाही. उजेड मोजायचं यंत्र नाही आणि घ्यायला पैसेही नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात काही युरियाच्या वाफ्यांत उंच गवताचे शेंडे बांधून बाजूला वळवायचे, कापायचे नाहीत, असा विचार आहे. शेंगवर्गीय रोपटी सावलीमुळे गेली की नत्रामुळेच मागे पडली, हे एवढ्यावरून वेगळं करता येईल का, की त्यासाठी बिनखताच्या वाफ्यांवर जाळीची सावलीही करावी लागेल?