मदत हवी आहे: शेजाऱ्याच्या गोठ्याचं शेणपाणी, आमची बोअर आणि सहीचा कागद (न्यूझीलंड)

नमस्कार मंडळी,

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, गावाबाहेर अडीच एकरांच्या तुकड्यावर आम्ही राहतो. नवरा, मी, दहा वर्षांची मुलगी आणि सध्या कराडहून आलेले सासूसासरे. पाणी आमच्याच बोअरचं, सरकारी नळ इथवर येत नाही.

शेजारी सातशे गायींचा दूधधंदा. माणूस लाख. पहिल्या हिवाळ्यात आमची गाडी चिखलात रुतली तेव्हा रात्री दहाला ट्रॅक्टर घेऊन आला होता. परवा तोच एक फॉर्म घेऊन आला. गोठा धुतलेलं शेणपाणी आतापर्यंत तो पलीकडच्या रानात फवारायचा, आता आमच्या कुंपणालगतच्या रानातही फवारायचंय. त्याला रीजनल कौन्सिलची परवानगी लागते आणि शेजाऱ्यांची लेखी संमती जोडली तर काम लवकर होतं म्हणे. "नुसती फॉर्मॅलिटी आहे," म्हणाला. चहा घेतला, कागद ठेवून गेला.

सासरे म्हणतात, शेणाला कसलं भ्यायचं, सही करून टाका. त्यांचा जन्म म्हशींत गेलाय, त्यांच्या जागी ते बरोबरच. पण आमची बोअर कुंपणापासून जेमतेम चाळीस पावलांवर आहे. सही केली तर पुढे बोलायचा हक्क राहतो का? नाही केली तर शेजार तुटणार? आणि यात डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा काही संबंध आहे का? तिथे फोन केला तर त्यांनी "आमच्याकडे येत नाही" म्हणून ठेवून दिला.

दक्षिणवारा:
ताई, सही करू नका. निदान आज तरी नको. हा फॉर्म दिसतो साधा, पण १९९१ च्या रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्टमध्ये त्याला फार वजन आहे. तुम्ही लेखी संमती दिलीत की तुमच्यावर होणारा परिणाम कौन्सिलने विचारातच घ्यायचा नाही, असं कायदा सांगतो. म्हणजे बोअर तिथेच राहते, कागदावरून मात्र नाहीशी होते. दिलेली संमती सुनावणीच्या तारखेआधी, सुनावणी नसेल तर निर्णयाआधी, लेखी मागे घेता येते. पण तिथवर जायचंच कशाला?

फोनचं म्हणाल तर त्यांनी खरं तेच सांगितलं. घरबांधणी, जमिनीचा वापर, आवाज हे डिस्ट्रिक्टकडे. पाणी उपसणं, पाण्यात-जमिनीत-हवेत काही सोडणं (शेणपाण्याचा वाससुद्धा) रीजनलकडे. देशात अशा अकरा रीजनल कौन्सिल आहेत आणि त्यांच्या हद्दी बहुतेक नद्यांच्या पाणलोटाप्रमाणे आखल्यात. ऑकलंडसारख्या काही ठिकाणी दोन्ही कामं एकाच कौन्सिलकडे असतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

रत्नांग्रीकर:
एवढं कशाला, आजूबाजूची पाचपन्नास घरं गोळा करा आणि सुनावणीला जा! आमच्याकडे जनसुनावणीला जिल्हाधिकाऱ्यांसमोर अख्खा गाव बसतो, ज्याला बोलायचंय तो उठून बोलतो.

दक्षिणवारा:
दादा, इथे गर्दीने काम होत नाही. सगळा खेळ 'मायनर', म्हणजे किरकोळ, या एका शब्दाभोवती. पर्यावरणावरचा परिणाम किरकोळपेक्षा जास्त वाटला तर अर्ज जाहीर होतो आणि कुणीही निवेदन देऊ शकतं. तसं नसेल, पण एखाद्या माणसावरचा परिणाम किरकोळ किंवा त्याहून जास्त असेल, तर फक्त त्या माणसाला पत्र येतं आणि निवेदन द्यायचा हक्कही त्याच्यापुरताच. किरकोळपेक्षाही कमी ठरलात तर पत्रच नाही. पलीकडच्या पन्नास घरांना पत्र आलं नाही तर त्यांच्या सह्यांचा काही उपयोग नाही. मला स्वतःला ही चाळणी फार बारीक वाटते, पण आहे ती अशी आहे.

प्रयोगशाळेतली:
कागदांचं होईल, आधी पाणी तपासा. शेणपाणी फवारण्याआधीचा आकडा हातात हवा, नाहीतर उद्या नायट्रेट वाढलं तर "आधीपासूनच होतं" असं म्हणतील. इथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा नायट्रेट-नायट्रोजन लिटरला ११.३ मिलिग्रॅम. सोबत ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) पण करा. आणि सासूबाईंना सांगा, उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं. साध्या कार्बन फिल्टरनेही जात नाही, आरओ लागतो. घरात बाटलीचं दूध पिणारं बाळ असतं तर अजून जपायला सांगितलं असतं.

'शेणाला कसलं भ्यायचं' म्हणणाऱ्यांसाठी: २०१६ च्या ऑगस्टमध्ये इथल्याच उत्तर बेटावरच्या हॅवलॉक नॉर्थला जोराचा पाऊस झाला, मेंढ्यांच्या लेंड्यांचं पाणी गावाच्या बोअरमध्ये उतरलं आणि हजारोंची पोटं बिघडली. सरकारी चौकशी बसली होती.

मूळ प्रश्नकर्ती (तीन आठवड्यांनी):
सर्वांचे आभार. सही केली नाही. शेजाऱ्याला घरी बोलावून खरं कारण सांगितलं, बोअर दाखवली. थोडा गप्प झाला, पण भांडला नाही. काल कौन्सिलचं पत्र आलं, निवेदनाला कामाचे वीस दिवस. पाण्याचा रिपोर्टही आला: नायट्रेट-नायट्रोजन ५.२, ई. कोलाय नाही. आता निवेदनात नक्की काय लिहू? "आमचा विरोध आहे" एवढं पुरे?

दक्षिणवारा:
नाही पुरत. विरोध, पाठिंबा की तटस्थ हे लिहायचंच, पण खरं वजन 'कौन्सिलने काय करावं' या रकान्याला. तुम्हाला त्याचा धंदा बंद पाडायचा नाहीये, मग तसंच लिहा: परवानगी द्यायची असेल तर या अटींवर. बोअरपासून ठरावीक मीटर अंतरात फवारणी नको. जमीन ओलीगच्च असताना फवारणी नको, तोवर पाणी तळ्यात साठवायचं आणि तळं न गळणारं हवं. तुमच्या बोअरची तपासणी ठरावीक महिन्यांनी, त्याच्या खर्चाने. आकडा अमुकच्या वर गेला तर अटींचा फेरविचार. मुदतही कमी मागा, कायद्याने पस्तीस वर्षांपर्यंत परवानगी देता येते, तोवर तुमची मुलगी पंचेचाळीसची होईल.

वास आणि पाणी लिहा. घराची किंमत उतरेल हे लिहू नका, त्याने मुद्दा हलका होतो. एक प्रत शेजाऱ्यालाही द्यावी लागते, विसरू नका. आणि तिथल्या रूनंगाला, म्हणजे नाय ताहू या माओरी जमातीच्या स्थानिक संस्थेला, एक ईमेल टाका. पाण्याशी त्यांचं नातं कायद्याने मानलेलं आहे आणि त्या भागातल्या झऱ्यांची माहिती त्यांच्याकडे असते.

मूळ प्रश्नकर्ती:
शेवटची शंका. 'सुनावणीत बोलायचं आहे का' तिथे हो की नाही? माझं इंग्रजी चार लोकांत अडखळतं.

दक्षिणवारा:
हो वर टिक करा. कुणालाच बोलायचं नसेल तर बहुधा सुनावणी होतच नाही. आणि तिच्याआधी कौन्सिल दोघांना एका टेबलाशी बसवून बैठक घेऊ शकते, ती आपणहून मागा. अटींवर तिथेच जुळलं तर बोलायची वेळच येणार नाही. निर्णय पटला नाही तर एन्व्हायर्न्मेंट कोर्टात अपिलाला कामाचे पंधरा दिवस, तेही निवेदन दिलेल्यालाच.

मूळ प्रश्नकर्ती:
टिक केलं. बैठकही मागितली. सासरे म्हणतात बैठकीला मी पण येतो, सातशे गायींचं शेण तो ठेवतो कसं ते विचारायचंय त्यांना.