बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगतात म्हणे, आणि त्या "आठ बुद्धिमत्ता" खऱ्या असतात का?

कोलशेतची_आई
मुलगा दहावी झाला, 61 टक्के. घरात सुतक असल्यासारखं वातावरण, सासूबाईंनी पेढे आणले ते तसेच फ्रीजमध्ये. मग कुणीतरी सांगितलं म्हणून घोडबंदर रोडला एका करिअर कौन्सिलिंगवाल्याकडे गेलो, त्याने दहाही बोटांचे ठसे स्कॅन केले, 6 हजार घेतले आणि रंगीत रिपोर्ट हातात दिला. त्यात आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांची टक्केवारी, भाषिक 11 टक्के, तार्किक 9, शारीरिक 17, निसर्गविषयक 14 वगैरे. शेवटी लिहिलंय हॉटेल मॅनेजमेंट किंवा फिजिओथेरपी करा, सायन्स टाळा.

ठशांचं जाऊदे, मला ते फसवणूकच वाटायला लागलंय. पण बुद्धीचे प्रकार असतात हे मात्र पटतं. हाच मुलगा बिल्डिंगमधल्या निम्म्या आजीआजोबांचे मिक्सर, पंखे, इस्त्री उघडून दुरुस्त करतो, कुणी शिकवलं नाही. ह्याला मार्कशीटवर रकानाच नाही! मग ढ कोण, तो की मार्कशीट?

नेरुळ_सायकॉलॉजी
ताई, ठशांपासून सुरू करतो. ते आईच्या पोटातच चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत तयार होतात आणि जन्मभर तेच राहतात. एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. त्यावरून फिजिओथेरपी करा हे सांगणं म्हणजे पोपटवाल्याने चिठ्ठी काढण्यासारखं. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही ह्याला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलेलं आहे.

पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यालाही माझा विरोध आहे. हॉवर्ड गार्डनर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 साली सात बुद्धिमत्ता मांडल्या, भाषा, गणित-तर्क, अवकाश, संगीत, शरीर, माणसं ओळखणं आणि स्वतःला ओळखणं. आठवी निसर्गाची नंतर जोडली. शिक्षकांना फार आवडली ही कल्पना, पण मोजमाप करणाऱ्यांना पुरावा सापडत नाही. उलट स्पिअरमन ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1904 मध्येच दाखवलं होतं की एका विषयात चांगली असणारी मुलं साधारणपणे बाकीच्यांतही बरी असतात, म्हणजे खाली काहीतरी सामाईक आहे. तुमच्या मुलाकडे कौशल्य आहे, उत्तम आहे. प्रत्येक कौशल्याला बुद्धी म्हटलं तर उद्या कांदा बारीक चिरणं ही नववी.

तुर्भे_फिटर
सर कांदा चिरून बघा एकदा पन्नास माणसांचा 😄

मी आयटीआय फिटर, बारा वर्षं टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमचे एक काका होते, सातवी पास, पंपाला कान लावून सांगायचे की बेअरिंग जाणार आहे, आणि इंजिनिअर साहेब लॅपटॉप उघडेपर्यंत काका स्पॅनर घेऊन खाली बसलेले असायचे. हे नुसतं हाताचं काम नाही हो, डोक्यात पूर्ण मशीन फिरत असतं तेव्हा कळतं कुठे अडलंय ते. पांढरी कॉलर असली की बुद्धी आणि हाताला ग्रीस असलं की कौशल्य, हा भेद कुणी ठरवला?

नेरुळ_सायकॉलॉजी
दादा, काकांना मी मंद म्हटलेलं नाही! उलट माझ्या मते काका सर्वसाधारण बुद्धीतही हुशारच होते, सातवीनंतर शाळा सुटली म्हणून कुणी मोजलं नाही. तुम्ही त्यांना वेगळ्या खोलीत बसवताय, मी त्यांना त्याच खोलीत वरच्या बाकावर बसवतोय.

तुर्भे_फिटर
हां, हे आवडलं. पण खोली तुमचीच ना सर.

हप्ता_भरणारा
सगळं ऐकायला गोड आहे. कासारवडवलीत वन बीएचकेचा हप्ता भरताना बँक विचारत नाही तुमची कुठली बुद्धिमत्ता. माझा चुलतभाऊ तबला अप्रतिम वाजवतो, गडकरी रंगायतनला साथ केलीये त्याने, आणि महिनाअखेर माझ्याकडून पैसे घेतो. कॉमर्स करूद्या, मिक्सर रविवारी.

कळव्याची_मास्तरीण
अहो पण कॉमर्समध्ये लक्ष नसलेलं पोर पाच वर्षं नुसतं अडकून पडतं, त्याचा हप्ता कोण भरतं? वर्गात बघते ना मी. सरांना एकच, बुद्धी मोजायची पहिली मोठी चाचणी बिने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1905 मध्ये पॅरिसला केली ती मागे पडणारी मुलं शोधून त्यांना मदत करायला. शिक्का मारायला नाही. आणि सवयीने मेंदूही बदलतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांवरचा 2000 सालचा अभ्यास आहे, रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाची मागची बाजू त्यांच्यात मोठी दिसली, आणि जितकी जास्त वर्षं गाडी चालवली तितकी जास्त. मग पंधराव्या वर्षी कुठलीही टक्केवारी, ठशांची असो की बोर्डाची, शेवटची कशी?

नेरुळ_सायकॉलॉजी
बिनेबद्दल शंभर टक्के बरोबर बाई. टॅक्सीवाला अभ्यास मात्र माझ्या बाजूने लावा, सरावाने वाढतं ते कौशल्यच.

तुर्भे_फिटर
कोलशेतच्या ताई, ह्या दोघांचं चालूद्या. मुलाला इलेक्ट्रिशियन ट्रेडची चौकशी करायला लावा, दोन वर्षांचा असतो, वागळे इस्टेटला सरकारी आयटीआय आहे, रामनगरला. मन बदललं तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षं, आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे दार बंद होत नाही. आधी एखाद्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर बसवा, घरी मिक्सर उघडणं आणि आठ तास उभं राहून तेच काम करणं ह्यात फरक आहे, खोटं कशाला बोलू.

हप्ता_भरणारा
हे पटलं. हातात काम असेल तर माझी हरकत नाही, माझा राग तबल्यावर होता 😅

कोलशेतची_आई
थँक्यू सगळ्यांना. वाचून दाखवलं त्याला, म्हणतो इलेक्ट्रिशियन चालेल पण आधी पॉलिटेक्निकची लॅब बघायचीये. त्याच्या बाबांचा अजून कॉमर्सचाच हट्ट आहे, रविवारी तो विषय निघणार. सर, तुमचं मला अजून पटलेलं नाही हं.

नेरुळ_सायकॉलॉजी
नका पटवून घेऊ 🙂 ते 6 हजार परत मागितलेत का?

कोलशेतची_आई
मागितले. म्हणाले एकदा स्कॅन झालं की रिफंड नाही, हवं तर धाकटीच्या ठशांवर वीस टक्के डिस्काउंट देतो.